साध्या कॅमेऱ्याने तेजोमेघ आणि दीर्घिका टिपताना

३० सप्टेंबर १८८० च्या रात्री हेन्री ड्रेपर या अमेरिकी डॉक्टरांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा (वायू आणि धुळीच्या उजळ ढगाचा) फोटो काढला. कुठल्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो. त्यासाठी ११ इंची दुर्बिणीमागची फोटोची प्रकाशसंवेदी काचपट्टी त्यांनी ५१ मिनिटे उघडी ठेवली होती. मार्च १८८२ मध्ये त्यांनी त्याच तेजोमेघावर १३७ मिनिटे घालवली आणि पहिल्या चित्रात न आलेले अंधुक भाग दुसऱ्यात उमटले. दुर्बीण तीच, माणूसही तोच. वेळ मात्र जास्त दिला होता.

तुमच्याकडे नवशिक्यांसाठीचा साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असेल, तर त्यातला सेन्सर त्या काचपट्टीपेक्षा कितीतरी संवेदनशील आहे. तरीही वेळ द्यावाच लागतो. फरक इतकाच की आपण शटर ५१ मिनिटे सलग उघडे ठेवत नाही. ३-३ सेकंदांचे हजारेक तुकडे, म्हणजे फ्रेम, घेतो आणि संगणकावर त्यांची बेरीज करतो. हा संपूर्ण लेख त्या बेरजेबद्दल आहे. तुम्ही किती मिनिटांचा प्रकाश साठवला, हा आकडा तुमच्या कॅमेऱ्याच्या मॉडेलपेक्षा चित्रावर जास्त परिणाम करतो. नवा माणूस आधी सामानाच्या याद्या करत बसतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगतो.

हाताशी काय असावे

ज्याला ‘मॅन्युअल’ मोड आहे आणि ‘रॉ’ (कॅमेऱ्याने काटछाट न केलेली) फाइल काढता येते असा कोणताही कॅमेरा चालतो. लेन्स बदलता येत असेल तर उत्तम. न डगमगणारा ट्रायपॉड हवा. शटरला हात न लावता फोटो घेण्यासाठी इंटरव्हॅलोमीटर हवा. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत तो आतच असतो, मेनूमध्ये शोधून पाहा. शिवाय दोन पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या, मोठे मेमरी कार्ड आणि लाल प्रकाशाची टॉर्च.

लेन्सबद्दल थोडे जास्त बोलायला हवे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची झूम लेन्स सरावाला पुरते, पण ५५ मिलिमीटरला तिचे तोंड एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे). ५० मिलिमीटर एफ/१.८ ची साधी लेन्स एफ/२.८ वर वापरली तरी तिच्या चौपट प्रकाश आत घेते. म्हणजे तासाभराचे काम पंधरा मिनिटांत होते. पुढेमागे एकच वस्तू घ्यायची झाली तर मी डोळे झाकून अशी लेन्स सुचवेन. दुर्बिणीचा विचार सध्या बाजूला ठेवा. स्थिर ट्रायपॉडवर दुर्बीण म्हणजे अर्ध्या सेकंदात ताऱ्यांच्या रेघा.

पहिले लक्ष्य

आकाशातल्या बऱ्याच सुंदर वस्तू अंधुक असतात, पण लहान नसतात. देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) आकाशात ३ अंशांहून लांब पसरली आहे. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश. म्हणजे सहा चंद्र एका ओळीत ठेवले तर जेवढे होतील तेवढी ती लांब. ती एवढी मोठी डोळ्यांना दिसत नाही याचे कारण तिचा मंदपणा. तिच्यासाठी मोठे भिंग लागत नाही, प्रकाश लागतो.

तुमच्या कॅमेऱ्यात एखादी वस्तू किती मोठी दिसेल, हे आधीच काढता येते. सेन्सरवरच्या एका पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंथने (तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरने) भागा. उत्तर येते ते एका पिक्सेलमागे किती विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, याचे. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (साध्या कॅमेऱ्यांत असतो त्या लहान आकाराच्या) सेन्सरचा पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. ५० मिलिमीटर लेन्सला हे उत्तर १६ विकला येते, १३५ मिलिमीटरला ६. म्हणून ५० मिलिमीटरवर देवयानी दीर्घिका पावणेसातशे पिक्सेल लांब येईल. ते छान चित्र आहे. स्वरमंडलातला प्रसिद्ध कंकणाकृती तेजोमेघ एम ५७ (‘एम’ म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक) मात्र जेमतेम ५ पिक्सेलचा ठिपका होईल. नवशिक्यांच्या निराशेचे मूळ पुष्कळदा इथेच असते. कॅमेरा ठीक असतो, लक्ष्य चुकीचे निवडलेले असते.

मी सुचवतो ती लक्ष्ये अशी.

मृगातला तेजोमेघ, एम ४२. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन ठळक तारे सापडले की त्यांच्या दक्षिणेला तीन अंधुक ठिपक्यांची छोटी उभी ओळ दिसते. मधला ठिपका धूसर वाटतो, तोच हा. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. डिसेंबर ते मार्च संध्याकाळी उत्तम. तो खगोलीय विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळ) असल्यामुळे पृथ्वीवर जवळजवळ सगळीकडून दिसतो, आणि इतका तेजस्वी आहे की शहराच्या उजेडातही हाती लागतो. पहिल्या रात्रीसाठी याच्या तोडीचे दुसरे काही नाही.

कृत्तिका, एम ४५. शोधायला सर्वांत सोपी. पण ताऱ्यांभोवतीची निळसर धूळ चित्रात आणायची तर काळोख आणि भरपूर मिनिटे, दोन्ही लागतात.

देवयानी दीर्घिका, एम ३१. शर्मिष्ठेच्या ‘एम’ आकाराचे जास्त टोकदार टोक तिच्या दिशेने बोट दाखवते. ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी उत्तर गोलार्धातून उंच असते. तिच्याकडून आलेला प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. हे वाक्य मी अनेकदा वाचले होते, पण माझ्या स्वतःच्या चित्रात तो तिरका अंडाकृती डाग पहिल्यांदा उमटला तेव्हा ते खरे वाटले.

जून ते ऑगस्टमध्ये धनु राशीतला तेजोमेघ एम ८ आणि त्याभोवतीचा आकाशगंगेचा दाट पट्टा घ्या. दूर दक्षिणेत राहणाऱ्यांना मॅजेलनचे दोन मेघ (या छोट्या दीर्घिका आहेत) ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये सुरेख बसतात.

यातले एकच निवडा. एका रात्री पाच वस्तूंवर दहा-दहा मिनिटे घालवली तर पाच अर्धवट चित्रे मिळतात.

एक फ्रेम किती सेकंदांची

पृथ्वी फिरते, म्हणून खगोलीय विषुववृत्तावरचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. मघाशी आपण ५० मिलिमीटरला पिक्सेलमागे १६ विकला काढल्या. म्हणजे तारा साधारण सेकंदाला एक पिक्सेल चालतो. यावरून सगळा हिशेब उलगडतो.

जुना ‘५०० चा नियम’ बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो: ५०० ला फोकल लेंथने भागा, तेवढे सेकंद. एपीएस-सी सेन्सर असेल तर फोकल लेंथला आधी १.५ ने गुणा. ५० मिलिमीटरला उत्तर येते साडेसहा सेकंद, म्हणजे तारा सहा पिक्सेल ओढलेला. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर हे उघड दिसते. मी ५०० च्या जागी ३०० घेतो. तेव्हा ५० मिलिमीटरला ४ सेकंद आणि १३५ मिलिमीटरला दीड सेकंद येतात. तारे अगदी गोल हवे असतील तर आणखी खाली उतरा, अडीच सेकंदांपर्यंत. विषुववृत्तापासून दूरच्या वस्तू हळू सरकतात, त्यामुळे देवयानीसाठी मृगापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त वेळ मिळतो.

हिशेब काहीही सांगो, शेवटी एक चाचणी फ्रेम घ्या, पडद्यावर पूर्ण मोठी करा आणि तारे पाहा. ते अंड्यासारखे दिसले तर वेळ कमी करा.

एफ-क्रमांक आणि आयएसओ

लेन्स पूर्ण उघडली की कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात आणि ठळक ताऱ्यांभोवती जांभळी कड येते. एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ वर आणली की यातले बरेचसे जाते. झूम लेन्सचे तोंड मुळातच लहान असते, ती पूर्ण उघडीच ठेवा.

आयएसओविषयीचा एक समज काढून टाकायला हवा. आयएसओ वाढवल्याने एकही जादा प्रकाशकण आत येत नाही. आत आलेल्या प्रकाशाचा विद्युत संकेत फक्त मोठा केला जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ थोडा वाढवल्यावर सेन्सरवरून संकेत वाचताना मिसळणारा नॉइज (चित्रातली खरखर) तुलनेने कमी होतो, आणि आपल्या फ्रेम छोट्या असल्यामुळे तो फायदा घ्यावा. पण फार वर गेलात तर ठळक तारे पांढरे फटक होऊन त्यांचे रंग जातात. ट्रायपॉडवरच्या छोट्या फ्रेमसाठी १६०० ही सुरक्षित सुरुवात आहे. आकाश उजळ असेल तर ८००.

बरोबर बसले की नाही हे हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, पाहा. आकाशाचा उंचवटा डाव्या भिंतीपासून स्पष्ट सुटलेला हवा. काळोख्या जागी छोट्या फ्रेममध्ये तो जेमतेम सुटतो, तेवढेही पुरते. उजेडाच्या जागी तो मध्याच्या पुढे गेला तर आयएसओ किंवा सेकंद कमी करा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र काळोखात नेहमी खऱ्याहून उजळ वाटते, त्यावर भरवसा ठेवू नका.

घरीच उरकायची तयारी

अंधारात मेनू शोधणे त्रासाचे असते, त्यामुळे पुढच्या गोष्टी दिवसाउजेडी लावून ठेवा. फाइल ‘रॉ’ करा. जेपेगमध्ये जी अंधुक माहिती फेकली जाते तीच आपल्याला हवी असते. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा. ऑटोफोकस बंद, लेन्सचे किंवा कॅमेऱ्याचे स्थिरीकरण बंद. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ही बंद; ते चालू राहिले तर कॅमेरा लांब फ्रेमनंतर तेवढाच वेळ शटर मिटून बसतो आणि तुमची अर्धी रात्र तिथेच जाते. पडद्याची चमक अगदी कमी करा.

स्टेलॅरियम या मोफत प्रणालीत तुमचे ठिकाण, तारीख आणि वेळ घालून लक्ष्य केव्हा उंच असेल ते पाहा. क्षितिजापासून ३० अंशांखाली प्रकाशाला डोक्यावरच्या मानाने दुप्पट किंवा त्याहून जास्त हवा ओलांडावी लागते, म्हणून तिथले काम टाळा. अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस सर्वांत चांगले. आकाशाचा काळोख मोजायला जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली १ ते ९ ची श्रेणी वापरली जाते. १ म्हणजे अस्सल काळोख, ९ म्हणजे महानगराचा मध्य. नुसत्या डोळ्यांनी आकाशगंगेचा पट्टा कळत असेल तर कामाला लागा. शहराचा उजेड कापणारे फिल्टर मिळतात, पण आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने साध्या फिल्टरने फार फरक पडत नाही. त्यापेक्षा काळोखाच्या दिशेने प्रवास करा.

फोकस

माझी पहिली पूर्ण रात्र फोकसने घालवली. चारशेच्या वर फ्रेम, निरभ्र आकाश, आणि घरी येऊन पाहतो तर प्रत्येक तारा फुगलेला. लेन्सवरची अनंताची खूण बघून मी कडे फिरवले होते आणि निर्धास्त झालो होतो. ती खूण विश्वासाची नसते. बऱ्याच लेन्सची कडी तिच्याही पुढे फिरतात. फोकस चुकला तर नंतर कोणतीही प्रणाली ते चित्र सावरू शकत नाही, म्हणून इथे हवा तेवढा वेळ द्या. मी आता दहा मिनिटे तरी देतो.

लक्ष्याजवळचा ठळक तारा घ्या. मृगासाठी व्याध किंवा राजन्य. लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचे थेट दृश्य) चालू करून तो तारा पडद्यावर दहापट मोठा करा. तारा दिसतच नसेल तर कडे अनंताच्या आसपास नेऊन आयएसओ वाढवा. आता कडे अगदी सावकाश फिरवा. तारा लहान होत जाईल, मग पुन्हा फुगू लागेल. तिथून मागे या. असे दोन-तीनदा पुढेमागे करून सर्वांत बारीक जागा शोधा. ताऱ्याच्या कडेचा रंगही मदत करतो: फोकसच्या एका बाजूला कड जांभळट होते, दुसऱ्या बाजूला हिरवट. दोन्ही रंग जिथे मावळतात ती जागा योग्य.

मग चाचणी फ्रेम घेऊन मोठी करा आणि अंधुक तारे पाहा. ठळक तारा फसवू शकतो. अंधुक तारे मात्र फोकस नेमका असला तरच दिसतात, थोडा हलला तरी ते गायब होतात. जागा सापडली की कडे चिकटपट्टीने बांधून टाका. झूम लेन्स असेल तर झूमचे कडेही बांधा, कारण वर रोखलेली लेन्स स्वतःच्या वजनाने हळूहळू सरकते.

हेच काम सोपे करणारी एक जाळी आहे, बाहतिनोव्ह मास्क. पाव्हेल बाहतिनोव्ह यांनी ती २००५ मध्ये मांडली. लेन्ससमोर धरली की ताऱ्यातून तीन रेघा निघतात, आणि मधली रेघ बरोबर मध्यावर आली की फोकस साधला. काम झाल्यावर ती काढायला विसरू नका.

रात्र गार होत जाते तशी लेन्स आकसते आणि फोकस सरकतो. तासातून एकदा तपासा.

रात्रीचा क्रम

१. उजेड असतानाच जागेवर पोहोचा. ट्रायपॉडचे पाय फार उंच करू नका, मधला दांडा अजिबात वर काढू नका. वाऱ्याची दिशा पाहून आडोसा घ्या.

२. कॅमेरा बाहेर काढून अर्धा तास तसाच ठेवा, म्हणजे तो बाहेरच्या तापमानाला येईल. तुमच्या डोळ्यांनाही अंधाराची सवय व्हायला तेवढाच वेळ लागतो.

३. फोकस करा, पट्टी लावा.

४. लक्ष्य चौकटीत आणा. ते दिसणार नाही, त्यामुळे आयएसओ खूप वाढवून पाच-सहा सेकंदांची एक फ्रेम घ्या आणि तीत ताऱ्यांची मांडणी ओळखा. मग कॅमेरा किंचित हलवून पुन्हा एक. आयएसओ परत खाली आणायचे लक्षात ठेवा.

५. लक्ष्य चौकटीच्या मध्याऐवजी जिकडून ते सरकत येते त्या बाजूला ठेवा, म्हणजे त्याला सरकायला जागा राहील. आकाश ४ मिनिटांत एक अंश सरते. ५० मिलिमीटर लेन्सची चौकट एपीएस-सी वर साधारण २६ अंश रुंद असते, तिथे वीस मिनिटे सुखाने जातात. १३५ मिलिमीटरला दर दहा मिनिटांनी उठून कॅमेरा पुन्हा लावा.

६. इंटरव्हॅलोमीटरवर फ्रेमचे सेकंद आणि दोन फ्रेममध्ये एक सेकंदाची उसंत लावा, मग सुरू करा. आरशाचा कॅमेरा असेल तर लाइव्ह व्ह्यू किंवा आरसा वर धरण्याची सोय वापरा, थरथर कमी होते.

७. दर वेळी चौकट नव्याने लावताना लक्ष्य मुद्दाम थोडे वर किंवा खाली ठेवा. नेहमी एकाच रेषेत सरकत राहिले तर सेन्सरचे स्थिर डाग बेरजेनंतर तिरक्या ओरखड्यांसारखे दिसतात. जागा बदलत राहिली की ते विरतात.

८. मधूनमधून लेन्सच्या काचेवर टॉर्च तिरकी धरून दव पाहा. काच धुरकटली तर पुसू नका. लेन्सभोवती उष्णतेची पट्टी किंवा हात शेकायची पुडी रबराने बांधा आणि थांबा. दवाचा संशय असेल तर ती पट्टी सुरुवातीपासूनच लावलेली बरी.

एम ४२ साठी एक जास्तीचे काम आहे. त्याचा गाभा इतका तेजस्वी आहे की लांब फ्रेममध्ये तो पांढरा होऊन जातो आणि आतले चार जवळजवळचे तारे हरवतात. शेवटी अर्ध्या सेकंदाच्या पन्नासेक फ्रेम घेऊन ठेवा, गाभा त्यांतून जोडता येतो.

किती फ्रेम घ्यायच्या? ३ सेकंदांच्या ४०० म्हणजे २० मिनिटे. तेवढ्यात मृगाचा तेजोमेघ पंख पसरलेला दिसू लागतो. हजाराच्या पुढे गेलात की ड्रेपर यांची ५१ मिनिटे पुरी होतात. कृत्तिकेच्या धुळीसाठी तीही अपुरी पडतात.

झाकण लावून घ्यायचे फोटो

निघण्याआधी आणखी तीन प्रकारच्या फ्रेम घ्यायच्या असतात. कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळल्याचा पश्चात्ताप मला प्रत्येक वेळी झाला आहे.

डार्क फ्रेम: लेन्सला झाकण लावून, तेच सेकंद, तोच आयएसओ आणि तेच तापमान ठेवून २० ते ३०. सेन्सरचे तापलेले पिक्सेल यांत पकडले जातात. दुसऱ्या दिवशी घरात उबेत घेतलेल्या डार्क उपयोगाच्या नसतात.

बायस फ्रेम: झाकण तसेच ठेवून, आयएसओ तोच, शटर कॅमेऱ्याला शक्य तेवढे वेगवान. ५० घ्या, मिनिटभरात होतात.

फ्लॅट फ्रेम: लेन्सच्या कडेचा काळोख आणि सेन्सरवरची धूळ काढण्यासाठी. लेन्सवर पांढरे कापड ताणून पहाटेच्या एकसारख्या आकाशाकडे रोखा किंवा समोर टॅबलेटचा पांढरा पडदा धरा. फोकस आणि एफ-क्रमांक हलवायचा नाही. शटर असे निवडा की हिस्टोग्रामचा उंचवटा मध्याच्या आसपास येईल. २५ ते ३० पुरतात. तिघांतल्या एकालाच वेळ असेल तर फ्लॅट घ्या. साध्या लेन्सच्या चित्राला तिचाच उपयोग सर्वाधिक होतो.

बेरीज

एका फ्रेममध्ये तेजोमेघाचा संकेत आणि यादृच्छिक नॉइज एकत्र असतात. फ्रेम मिळवत गेले की संकेत फ्रेमच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, नॉइज मात्र तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून १०० फ्रेमचे चित्र एका फ्रेमपेक्षा १० पट स्वच्छ असते, ४०० चे २० पट. सुरुवातीला प्रत्येक फ्रेम मोलाची असते. पुढे मात्र चित्र दुप्पट स्वच्छ करायला चौपट रात्र लागते.

यासाठी सिरिल ही मोफत प्रणाली मी सांगेन. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. विंडोजवर डीपस्कायस्टॅकरही आहे आणि तीही मोफत आहे. सिरिलमध्ये एका फोल्डरात लाइट्स (लक्ष्याच्या मूळ फ्रेम), डार्क्स, फ्लॅट्स आणि बायसेस (lights, darks, flats, biases) असे चार फोल्डर करायचे. नावे इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत, नेमकी तशीच हवीत. त्या-त्या फ्रेम त्यांत टाका, मुख्य फोल्डर निवडा आणि रंगीत कॅमेऱ्यासाठीची तयार स्क्रिप्ट चालवा. ती फ्रेम शुद्ध करते, तारे जुळवून एकावर एक बसवते आणि बेरीज करते. हजार फ्रेमना डिस्कवर भरपूर मोकळी जागा लागते.

त्याआधी सगळ्या फ्रेमवरून एकदा नजर फिरवा. ढग आलेल्या, ट्रायपॉडला धक्का लागलेल्या काढून टाका. उपग्रह किंवा विमानाची रेघ असलेली फ्रेम काढायची गरज नाही: एकाच फ्रेममध्ये जे आहे आणि बाकीच्यांत नाही, ते बेरजेच्या वेळी आपोआप वगळले जाते.

काळ्या चित्रातून तेजोमेघ बाहेर काढणे

बेरजेचे चित्र उघडले की जवळजवळ काळे दिसते. घाबरू नका. सगळी माहिती काळ्या टोकाच्या चिंचोळ्या पट्टीत दाटलेली असते, आपल्याला ती उलगडायची आहे. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी सिरिलमध्ये दृश्य ‘ऑटोस्ट्रेच’वर ठेवा. त्याने फाइल बदलत नाही, फक्त आत काय आहे ते दिसते. कडांना जिथे फ्रेम नीट एकमेकांवर पडल्या नाहीत त्या पट्ट्या कापा. मग शहराच्या उजेडाचा उतार काढा: पार्श्वभूमीवर नमुन्याचे बिंदू ठेवायचे आणि प्रणालीला तो उतार वजा करायला सांगायचे. हे बिंदू तेजोमेघावर किंवा दीर्घिकेवर पडू देऊ नका, नाहीतर तीच उजेड समजून पुसली जाईल. यानंतर रंगांचे संतुलन. सिरिल तुमच्या चित्रातले तारे यादीतल्या ताऱ्यांशी ताडून पाहू शकते आणि त्यांच्या मोजलेल्या रंगांवरून संतुलन ठरवते. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हे पुष्कळ बरे.

आता ताणणे. हिस्टोग्रामच्या साधनातला मधला सरकबिंदू थोडा डावीकडे न्या, स्वीकारा, पुन्हा न्या. एका झटक्यात करू नका. तीन-चार पायऱ्यांत केले की ताऱ्यांचे गोळे होत नाहीत. मृगातल्या तेजोमेघाचे पंख असे हळूहळू वर येताना पाहणे हा या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे.

इथे हात आवरावा लागतो. पार्श्वभूमी पूर्ण काळी करण्याचा मोह होतो, पण आकाश तसे नसते आणि काळे केले की सर्वांत अंधुक कडाही त्याबरोबर जातात. ० ते २५५ च्या मापात पार्श्वभूमी २५-३० च्या आसपास राहू द्या. नॉइज पुसणारी साधनेही थोडकीच वापरा. चित्र मेणासारखे गुळगुळीत दिसले तर समजा जास्त झाले. ते खरखरीत वाटत असेल तर फ्रेम वाढवणे हाच खरा उपाय आहे.

तुमच्या चित्रात तेजोमेघ इतरांच्या चित्रांइतके गडद लाल आले नाहीत तर त्याला कारण आहे. हायड्रोजनचा तो लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा असतो आणि साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, कारण त्वचेचे आणि फुलांचे रंग नैसर्गिक यावेत. खगोलासाठी वेगळ्या फिल्टरचे कॅमेरे निघाले आहेत, उदाहरणार्थ २०१२ चा कॅनन ६०डीए आणि २०१५ चा निकॉन डी८१०ए. एम ४२, कृत्तिका आणि देवयानी यांच्यासाठी त्यांची गरज नाही. हीच तीन नावे मी वर सर्वांत आधी दिली, त्यामागे हेही एक कारण होते.

ट्रॅकर केव्हा

आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर घेतला की ५० मिलिमीटरला ४ सेकंदांऐवजी दोन मिनिटांच्या फ्रेम घेता येतात. त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. उत्तर गोलार्धात ध्रुव तारा मदतीला असतो, पण तो खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत, थोडा बाजूला आहे. त्यामुळे ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीतल्या वर्तुळावर त्याला त्या वेळच्या जागी बसवायचे असते. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची तुमच्या अक्षांशाइतकीच असते, ती आधीच लावून ठेवा.

एका लक्ष्यावर ट्रायपॉडने तासभर प्रकाश साठवून, बेरीज करून, ताणून एक चित्र तुम्ही पुरे केले असेल तर ट्रॅकर घ्या. त्याआधी घेतला तर फोकस, दव, ध्रुव आणि प्रणाली या चारही अडचणी एकाच रात्री समोर येतात आणि नेमके काय बिघडले ते कळत नाही.

तोपर्यंत मूळ ‘रॉ’ फ्रेम पुसू नका. प्रत्येक रात्रीचा वेगळा फोल्डर करा, त्यात त्याच रात्रीच्या फ्लॅट आणि डार्क ठेवा आणि नावात तारीख, लेन्स, सेकंद आणि आयएसओ लिहा. पुढच्या अमावास्येला त्याच लेन्सने तेच लक्ष्य घेतले की दोन्ही रात्रींच्या फ्रेम आपापल्या फ्लॅटने शुद्ध करून एकत्र मिळवता येतात. माझ्या देवयानीच्या चित्रात तीन वेगवेगळ्या महिन्यांतल्या चार रात्री आहेत, आणि येत्या ऑक्टोबरला पाचवी तीत पडेल.